माहेरवळीला म्हणे नाव नाही

भादवा लागला की आमच्या बरडावर, गावामागच्या मुरमाड माळावर, ऊन आणि पाऊस एकाच दिवसात दोनदा भांडतात. सकाळी धुई, दहा वाजता अंग भाजणारं ऊन, आणि तिसऱ्या प्रहरी टेकडीमागून एक काळा ढग येतो, अर्धं शिवार भिजवतो, अर्धं कोरडं ठेवतो आणि तळेगावच्या दिशेने निघून जातो. सोयाबीनची पानं पिवळी पडू लागतात. संत्र्याच्या बागांत हिरवी फळं लिंबाएवढी झालेली असतात. बरडावरचं गवत कमरेला लागतं, त्याला कुसळं धरतात आणि ती साडीच्या काठात अशी घुसतात की झटकून पडत नाहीत. ओट्यावर बसून एकेक उपटावी लागतात. हे काम करताना पूर्वी मी गुणगुणत असे. आता मनात भांडत असते.

माझं भांडण एका वाक्याशी आहे. ते इंग्रजीत छापलेलं आहे. मला ते वाचता येत नाही, पण त्याचा अर्थ पाठ झाला आहे. बरडावरच्या एका लहानशा रोपाबद्दल त्यात म्हटलं आहे, "स्थानिक लोकांना ही वनस्पती माहीत नाही. तिला स्थानिक नाव नाही."

नाव आहे. माहेरवळी. माझ्या यमुनाआत्याला ते माहीत होतं, आत्याच्या सासूला माहीत होतं, मला माहीत आहे. मग स्थानिक लोक म्हणजे कोण?

वीतभर उंचीचं रोप. दोन पानं जमिनीला चिकटलेली, मधून एक दांडी, दांडीवर तीन-चार फिकट जांभळी फुलं आणि फुलांच्या पोटात हिरव्या रेघा. मुरमाच्या जागी येतं, तेही जिथे धावड्याची सावली अर्धा दिवसच पडते तिथे. भादव्यात वर येतं, आश्विन सरता सरता दिसेनासं होतं. ज्याला माहीत नाही तो त्याच्यावर पाय देऊन जाईल.

आत्या याच गावात दिलेली होती, आणि तिच्याच शब्दावर मलाही इथे दिली. बाळंतिणीच्या अंगावर दूध उतरलं नाही की बाया तिच्याकडे येत. मग ती मला घेऊन बरडावर जाई. जाताना वाटेत तिची बडबड चाले, कुणाची सून कशी, कुणाच्या दारी काय. धावडे दिसले की ती एकदम गप्प होई. तीन रोपं दिसली तरच एकाचा कांदा घ्यायचा, आणि ज्या ठिकाणी ते उभं आहे त्या ठिकाणी त्याचं नाव घ्यायचं नाही, असा तिचा नियम होता.

मी नवी होते तेव्हा विचारलं होतं, "मंग त्याले म्हणाचं काय?"

"काईच नाई म्हणाचं. डोळ्यानं दाखवाचं."

"अन् घेतलं नाव तं?"

"तं ते आयकते. पुढच्या वर्साले येत नाई. तू काय इतली तोंडाळ हाये वं? चूप राहाले इतलं जड जाते का?"

मला चूप राहायला कधीच जड गेलं नाही. तिथेच तर सगळा घोटाळा झाला.

फूल गळलं की त्या रोपाची दांडी मान टाकते. आठ-दहा दिवसांत वळत वळत ती आपल्याच बुडाशी येते आणि मातीत शिरते. फळ मातीत धरतं, कांद्याला लागून. आत्याने एकदा बोटाने माती सारून मला ते दाखवलं होतं. हरभऱ्याच्या दाण्याएवढं, पांढरं, अंगाला ओल. घरी आल्यावर चुलीपुढे बसून म्हणाली, "पाह्यलं ना? वर फुलते अन् लेकराच्या टायमाले माहेरी येते. म्हून माहेरवळी." हे सांगताना तिने पदर तोंडाला लावला होता. तिला स्वतःला माहेरी जाऊन बाळंत व्हायला कधी मिळालं नव्हतं.

आत्या गेली त्याला बरीच वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी भादव्यातच आमच्या दाराशी एक जीप थांबली. जंगलाचा गार्ड होता, एका कॉलेजातले सर होते आणि त्यांच्यासोबत एक गोरी, उंच, पिकल्या केसांची बाई होती. हेल्गाबाई, जर्मनीच्या. दोघंही झाडझाडोऱ्याचा अभ्यास करणारे. त्यांच्याबरोबर सरांची एक विद्यार्थिनी होती, हिंगणघाटची प्रणाली. गार्ड आमच्या मालकांना म्हणाला, "तुमच्या घरच्या बाईले बरड तोंडपाठ हाये म्हणते. चार-सा रोज संग पाठवा."

"बरड पाठ हाये, पण तोंड नाई तिले," हे म्हणाले. सगळे हसले. मी दाराच्या आत होते.

ते सहा दिवस मला आवडले होते, हे आधी कबूल केलं पाहिजे. आवडले नसते तर एवढा राग आला नसता.

हेल्गाबाई चिखलात गुडघे टेकून बसत. कपाळ जमिनीला लागेल इतक्या वाकून, डोळ्याला भिंग लावून एकेका फुलाच्या आत पाहत. त्यांनी एकदा ते भिंग माझ्या हातात दिलं. तेरड्याचं फूल मी जन्मभर पाहिलं होतं, पण त्याच्या घशात केसांची एवढी बारीक रांग असते हे तेव्हा कळलं. मी मान वर केली तर त्या माझ्याचकडे बघत होत्या, मला काय दिसलं ते माझ्या तोंडावर शोधत होत्या. आमच्या दोघींत एकही भाषा नव्हती आणि तिथे ती लागलीही नाही.

रोज आणलेली रोपं आमच्या पडवीत रद्दीच्या कागदांत दाबून ठेवायची. भादव्याची हवा ओली, म्हणून कागद रोज बदलावे लागत. ते काम माझ्याकडे आलं. ओले कागद चुलीजवळ वाळवायचे, कोरडे घालायचे, रोप हलू द्यायचं नाही. एक पान उताणं ठेवायचं, एक पालथं, म्हणजे दोन्ही बाजू दिसतात, हे हेल्गाबाईंनी बोटाने दाखवून शिकवलं. एका पुढाऱ्याच्या छापील तोंडावर मी रानकेळीचं पान नीट पसरलं तेव्हा प्रणाली इतकी हसली की सर आत बघायला आले. हे म्हणाले, "घरच्या माणसाले पेपर वाचाले भेटत नाई, अन् गवत पेपर पांघरून झोपून राह्यलं."

संध्याकाळी सर ओट्यावर बसून यांना समजावून सांगत. मी आत भाकरी थापत ऐकत असे. एकच झाड दहा देशांत दहा नावांनी ओळखतात. एका देशातल्या माणसाने त्याबद्दल काही शोधलं तर दुसऱ्याला कळायचं कसं? म्हणून साऱ्या जगातल्या झाडवाल्यांनी मिळून नियम केले आहेत. झाडाला सगळीकडे एकच नाव. दोघांनी दोन नावं दिली तर जे आधी छापलं ते धरायचं, मग देणारा मोठा असो की लहान. आणि ज्या वाळल्या रोपावरून नाव दिलं ते रोप लाल काठाच्या फायलीत जपून ठेवायचं, कायमचं. एक इथे, एक कलकत्त्याला, दोन परदेशात. कुणी कुठूनही मागितलं तर बघायला पाठवायचं. ज्या देशांचे राजे एकमेकांशी बोलत नाहीत त्यांचे झाडवाले एकमेकांना रोपं पाठवतात, असं सर म्हणाले.

मला ते फार पटलं. विरजण असंच चालतं. घरातलं नासलं तर भांडलेल्या जावेच्या दारातूनही वाटीभर आणतात आणि ती देते. विरजणाला कुणी नाही म्हणत नाही. सारं जग मिळून झाडांची नावं अशी जपतं हे ऐकून, भाकरी उलटताना, मला त्या माणसांत आपणही थोडे आहोत असं वाटलं होतं.

पाचव्या दिवशी आम्ही धावड्यांपाशी पोचलो. मी त्यांना तिथे मुद्दाम नेलं नव्हतं. हेल्गाबाईच पुढे गेल्या आणि एकदम खाली बसल्या. मग त्यांनी सरांना हाक मारली. त्या हाकेचा सूरच वेगळा होता. दोघं ओणवे होऊन बराच वेळ बघत राहिले, पुस्तक काढलं, भिंग काढलं, पुन्हा पुस्तक. प्रणाली माझ्या कानाशी म्हणाली, "काकू, नवीन हाये वाटते. पुस्तकात नाई हे."

सर उठले. "बाई, याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

मी खाली बघितलं. रोप माझ्या पायापासून हातभर अंतरावर होतं.

"काही औषधाला वापरता का?"

मी पदर ओढून घेतला.

"बाई, नाव काही आहे का याला?"

तीनदा विचारलं. मी तीनदा गप्प राहिले. माझ्या मनात साधा हिशोब होता: इथे बोलायचं नाही, घरी गेल्यावर सांगू. सर हेल्गाबाईंना इंग्रजीत काही म्हणाले, त्यांनी मान डोलावली आणि वहीत लिहिलं. मला वाटलं, मी सांगितलं नाही म्हणजे तेवढी जागा रिकामी ठेवली असेल. रिकामी जागा मागून भरता येते.

घरी आलो तर ओट्यावर गार्ड, हे आणि शेजारचे दोघं बसलेले. त्या चार पुरुषांपुढे बाळंतिणीच्या जडीचं काय बोलणार? हेल्गाबाई अंगणात हात धुवायला आल्या, मी त्यांच्या हातांवर पाणी ओतलं. एकच शब्द होता. त्यांना कळला नसता तरी त्यांनी सरांना विचारलं असतं. शब्द जिभेपर्यंत आला होता. त्या हसून "धन्यवाद" म्हणाल्या, आणि मी तांब्या घेऊन आत गेले. चहा केला. दुसऱ्या दिवशी त्यांना ताप आला म्हणून ते लवकर निघाले. जीप वळली तेव्हा मी दारात उभी होते, भिंग त्यांच्या गळ्यात लोंबत होतं.

गेल्या उन्हाळ्यात प्रणाली एकटी आली. हातात छापलेले चार कागद. पहिल्या पानावर आमच्या रोपाचं चित्र, काळ्या शाईचं, इतकं सुरेख की मी हात पुसून मग त्याला हात लावला. फुलाच्या पोटातल्या रेघासुद्धा होत्या.

"काकू, जगात पहिल्यांदा छापून आलं. इथलं. आपल्या बरडाचं!" तिचे डोळे चमकत होते. नाव लांबलचक होतं. त्याचा दुसरा अर्धा भाग म्हणजे हेल्गाबाईंच्या गुरूंचं नाव. ते गुरू बरडावर कधी आले नव्हते. तशी रीत असते, मान म्हणून देतात, असं प्रणाली म्हणाली. असेल. आम्हीही नातवाला आज्याचं नाव देतो. त्याचा मला राग नाही आला.

"अन् बाकी काय लिहलं?"

ती वाचून सांगू लागली. पानं किती लांब, फूल किती रुंद, जमीन कशी. मग म्हणाली, "फळ आढळलं नाही. दोन वर्षं दिवाळीनंतर सर पोरं घेऊन आलते ना, गार्डसंगं? सुकलेल्या दांड्या भेटल्या, फळ एकबी नाई. फळाबिगर त्याचं कूळ पक्कं होत नाई, काकू. परदेशातून सारखं विचारून राह्यले."

ते लोक आले तेव्हा मी कापूस वेचायला गेले होते, मला कुणी बोलावलं नव्हतं. मातीच्या वर शोधत बसले असतील बिचारे.

मग तिने ते वाक्य वाचलं. स्थानिक लोकांना माहीत नाही. स्थानिक नाव नाही.

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं. मी उठून आत गेले, पितळी गुंडीतलं पाणी प्याले, परत आले.

"हे बदलते का?"

"छापलेलं नाई बदलत, काकू." ती गोंधळली होती. "काऊन? नाव हाये का त्याले?"

मी तिला त्या दिवशी नाव सांगितलं नाही. रागाने सांगितलं नाही. ज्यांनी "माहीत नाही" असं छापलं त्यांना आता का सांगू? ती जाताना म्हणाली, "काकू, राग आला का?" आणि मी "नाई वं" म्हणाले. माझं सगळं आयुष्य या "नाई वं"त गेलं आहे.

चौथीनंतर माझी शाळा सुटली. पुढची शाळा नाल्यापलीकडच्या गावात होती, आणि भादव्यात नाला गळ्याएवढा येई. पुढे कशाला तरी दाखला लागला म्हणून काढला, तर शाळा सोडण्याच्या कारणापुढे लिहिलं होतं, "पालकांची इच्छा नाही." माझ्या बापाला कुणी विचारलंच नव्हतं. तो मला खांद्यावर बसवून नाल्याचं पाणी किती उतरलं ते बघायला न्यायचा. पण कागदावर तो पोरीला न शिकवणारा बाप झाला आणि तसाच मेला. लिहिणाऱ्याला नाल्याचं लिहिता आलं असतं. काहीच न लिहिताही आलं असतं. पण लिहिणाऱ्याच्या हाताला रिकामी जागा खुपते. तिथे तो काहीतरी भरतो, आणि जे भरतो ते आमच्याच अंगावर येतं.

राग फक्त त्यांचा येत नाही. आत्याचा येतो. काय गरज होती असल्या नियमाची? मग वाटतं, गरज होती. नाव तिथे घेतलं असतं तर ऐकणाऱ्याने उद्या कुदळ आणली असती. न बोलल्यामुळेच ते रोप आजवर टिकलं. बाया गप्प राहिल्या म्हणून ते जगलं, आणि त्या गप्प राहिल्या म्हणूनच त्यांना काही माहीत नाही असं ठरलं. हे दोन्ही एकदम खरं आहे, आणि त्याने माझा राग कमी होत नाही, वाढतो. हेल्गाबाईंचा येतो, कारण भिंग देताना त्यांना माझं तोंड वाचता आलं होतं. मग त्या दिवशी का नाही वाचलं? आणि माझा येतो. तांब्या घेऊन आत गेलेल्या त्या बाईचा सगळ्यात जास्त.

यंदा भादवा सरताना, म्हणजे या आठवड्यात, प्रणाली पुन्हा आली. दांड्या सुकायच्या आत येऊन मुक्काम करायचा आणि फळावर नजर ठेवायची असं सरांनी ठरवलं होतं. बॅग ठेवल्या ठेवल्या म्हणाली, "काकू, या वर्सी फळ भेटलंच पायजे."

"मले माईत हाये फळ कुठी असते."

ती जवळ आली. "अन् नाव?"

"नावबी माईत हाये. तुह्या सराले फोन लाव."

तिने लावला आणि फोन मधे ठेवला. हे ओट्यावर विडी विझवून आत आले. एवढ्या वर्षांत मी कुणाला फोन लावायला सांगितलं नव्हतं.

"नमस्कार बाई, कशा आहात?"

"बरी हाये." प्रणालीने डोळ्यांनी खूण केली. मी म्हणाले, "सर, तुमी लिहलं का आमाले ते झाड माईत नाई म्हून. काऊन लिहलं?"

सर म्हणाले, "बाई, मी तीनदा विचारलं होतं. आठवतं ना?"

"आठवते. तीनदा विचारलं. काऊन बोलत नाई, हे एकदाबी नाई विचारलं."

"मला वाटलं तुम्हाला माहीत नसेल."

"मंग तसं लिहाचं. मले वाटलं, म्हून."

"शास्त्रात 'मला वाटलं' असं लिहीत नाहीत, बाई."

"तेच तं लिहलं तुमी."

यांनी हसू आवरायला तोंडावर हात ठेवला. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "जागा रिकामी सोडायला हवी होती. चुकलं माझं." मग विचारलं, "आता सांगाल का?"

मी आत्याचा नियम सांगितला. सर ऐकत राहिले. मग त्यांनी त्यांचा सांगितला: घरात बसून सांगितलेलं नाव ते धरत नाहीत, कारण ते भलत्याच झाडाला लागण्याचा धोका असतो. झाडासमोर उभं राहून, बोट ठेवून सांगितलेलंच नाव लिहायचं, अशी सगळीकडची शिस्त आहे. म्हणजे ते झाडासमोरच विचारणार आणि आम्ही झाडासमोरच बोलणार नाही. सहा दिवस एका पडवीत राहूनही हे एकमेकांना कळलं नव्हतं.

"छापलेलं बदलत नाई ना?" मी विचारलं.

"नाही. पण फळाचा नवा नमुना जिथे जिथे पहिला गेला तिथे तिथे जाईल. त्याच्या चिठ्ठीवर नाव लिहिता येईल."

"मंग आधी चिठ्ठी लिहा. मंग मी फळ दाखवतो."

"बाई, नमुना घेतल्याशिवाय चिठ्ठी लिहीत नाहीत."

"आमच्यातबी जडीपाशी नाव घेत नाईत. तुमचा नियम तुमी मोडा, माहा मी मोडतो."

हे म्हणाले, "सर, हो म्हणा. मी पंचवीस वर्सात इतलं बोलतानी नाई पाह्यलं तिले."

सर हो म्हणाले. प्रणालीने ओट्यावर मांडी घालून चार चिठ्ठ्या लिहिल्या. मी अक्षर अक्षर बघत होते. स्थानिक नावासमोर तिने इंग्रजीत लिहिलं, मी तिला खाली आपल्या अक्षरांतही लिहायला लावलं. "सांगणारी म्हणून तुमचं नाव टाकतो," ती म्हणाली. मी यमुनाआत्याचं टाक म्हटलं.

"गेलेल्या माणसाचं कसं टाकू, काकू?"

"मंग माहं टाक, अन् पुढं लिही का तिले तिच्या आत्यानं सांगतलं, अन् आत्याले तिच्या सासूनं."

"जागा नाई पुरत!"

"बारीक लिही."

काल सकाळी आम्ही दोघी बरडावर गेलो. धुई उतरली नव्हती. धावड्यांपाशी माझे पाय आपोआप हळू झाले. रोपं होती, एकूण सात मोजली. फुलं गळलेली, दांड्या वाकलेल्या, त्यांतल्या दोन दांड्यांची टोकं मातीत शिरलेली. प्रणालीने वही उघडली. मी एका रोपावर बोट ठेवलं. आत्या मागे उभी आहे असं वाटत होतं.

"माहेरवळी," मी म्हणाले. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाले. "माहेरवळी."

काही झालं नाही. रोप तिथेच होतं. धावड्याच्या पानावरून एक थेंब पडला, तो माझ्या मनगटावर. एवढंच होतं तर. एवढंच तीन वर्षांपूर्वी म्हटलं असतं तर ते वाक्य जन्माला आलं नसतं. पुढच्या भादव्यात रोपं आली नाहीत तर काय, याचीही भीती वाटली. मी रडले, आणि ते रडणं रागाचंच होतं. प्रणालीने विचारलं नाही. बरं केलं.

मग मी बोटाने माती सारली. कांद्याला लागून ते दाणे होते, पांढरे, ओले. प्रणाली उपडी पडून बघत होती आणि "अगं माय, अगं माय" एवढंच म्हणत होती. चार चिठ्ठ्या, म्हणून चार रोपं हवीत असं तिने आधी म्हटलं होतं. सातांतली दोनच घ्यायची असं मी सांगितलं. तीन असतील तर एक. तिने एकेका रोपाचे दोन भाग करून चार कागदांवर पुरवायचं ठरवलं. जगातल्या झाडवाल्यांनी तेवढ्यात भागवावं.

आज पडवीत कागद बदलले. एक पान उताणं, एक पालथं, दांडी वाकलेली दिसेल अशी, फळ चिठ्ठीच्या बाजूला. परवा प्रणाली ते घेऊन जाईल. एक कलकत्त्याला जाईल, एक हेल्गाबाईंच्या गावी. तिथे ज्या लाल काठाच्या फायलीत ते छापील पान जोडलेला पहिला कागद आहे, त्याच कपाटात हा दुसरा ठेवतील, अशी पद्धत आहे म्हणे. पहिला म्हणणार, इथल्या बायांना माहीत नाही. दुसरा म्हणणार, माहेरवळी, हिला आत्यानं सांगितलं, आत्याला सासूनं. छापलेलं कुणी खोडणार नाही आणि लिहिलेलं कुणी काढणार नाही. मी मेल्यावरही ते दोन कागद त्या कपाटात शेजारी शेजारी पडून भांडत राहतील.

भांडू दे.